डब्यातून आणलेली रोयण

सगुणा, तुझ्या बाराव्याला मी जेवलो नाही. वाढलेलं पान तसंच ठेवून उठलो. लोकांना वाटलं, जन्माचा मैतर गेला, म्हाताऱ्याच्या गळ्याखाली घास उतरत नाही. तसं नव्हतं. भूक मला होती. पण मी बसलो होतो ओसरीच्या कडेला, आणि समोर अंगणात तुझी नात, अजून नीट चालतही नाही ती, देवीच्या घुमटीपुढे बसून रोयणीची, म्हणजे वारुळाची माती खात होती. चिमटीने नाही, मुठीने. तोंडाभोवती सगळा लेप झालेला. तुझी बायको सुलोचना कौतुकाने म्हणाली, "आज्याची नात ती! आयेचो प्रसाद खाता बघा." बायका हसल्या.

मी जाऊन पोरीचा हात असा ओढला की ती किंचाळली. हसणं थांबलं. रोहिदास म्हणाला, "बाबलकाका, काय झालं?" मी चपला घातल्या आणि पेडण्याच्या स्टँडपर्यंत चालत आलो.

तुझ्या ह्याच पोराने आता मला लिहायला सांगितलं आहे. म्हणतो, देवळाच्या स्मरणिकेत बाबांवर चार ओळी द्या, तुम्ही चाळीस वर्षं त्यांच्याबरोबर गाडी चालवली. मी चौथी शिकलेला. पण पत्र लिहायला मी कधी दुसऱ्याच्या दारात गेलो नाही, आणि तुझ्यावर दुसऱ्या कोणी लिहिलेलं मला चालणार नाही. तू कधी जन्मलास, किती परोपकारी होतास, ते लिहायला पंच आहेत, मास्तर आहेत. मला तुझ्याशी बोलायचं आहे. आणि ते सगळ्या वाड्यादेखत बोलायचं आहे, कारण आपल्या दोघांतली गोष्ट आता दोघांतली राहिलेली नाही.

डिचोलीच्या खाणी बंद पडल्या तेव्हा माझा टिपर दारात उभा राहिला आणि तुझा बँकेने ओढून नेला. तेव्हा तो ठेकेदार आला. लांब पूर्वेकडे, आगगाडीने दोन दिवसांवर काम आहे म्हणाला, ढिगावर गाडी चढवायची सवय असलेले ड्रायव्हर पाहिजेत. जागेचं नाव मी लिहीत नाही. तिथे युरेनियमची गिरणी होती. डोंगरातला दगड दळायचा, त्यातून चिमूटभर माल काढून घ्यायचा आणि उरलेला सगळा गाळ बांध घालून तळ्यात सोडायचा. ते जुनं तळं एका गावाच्या डोक्यावर होतं आणि बांध पाझरायला लागला होता. म्हणून सुकलेला गाळ उचलून दुसरीकडे न्यायचा. नव्या खड्ड्याच्या तळाला चिकणमाती, वर जाड काळं प्लास्टिक, त्यावर परत माती. आपण नुसते वाहणारे.

पहिल्या दिवशी साहेबाने सगळ्यांना पत्र्याच्या शेडमध्ये बसवून सांगितलं, "हा दिसायला राखेसारखा आहे. वास नाही, चटका नाही. पण ह्याच्यात जे उरलंय ते तुमच्या पणतूचा पणतू म्हातारा होऊन मेला तरी संपणार नाही. धूळ पोटात जाऊ देऊ नका." प्रत्येकाच्या छातीला किरणं मोजणारा एक बिल्ला लावला. गाळावर आधी पाणी मारायचं, मग उपसायचं, ताडपत्री बांधून न्यायचं, चाकं धुवायची. आणि गेटवर एक माणूस यंत्र घेऊन उभा. हातात धरायचं यंत्र, टिक टिक करणारं. जागा साफ झाली की नाही, तेही तेच यंत्र सांगायचं. खणत राहायचं, यंत्र गप्प होईस्तोवर.

तू भ्यालास. खोटं कशाला बोलू, तू भ्यालास आणि मी हसलो. तू तोंडावरचं फडकं कधी काढलं नाहीस. कोपरापर्यंत हात घासायचास, सोलतोस की काय असं वाटायचं. मी म्हणायचो, "सगुण, सगळी डिचोली मी उचलून नदीतल्या बार्जीत भरली. माती वाहणाऱ्याला मातीचं भय कसलं रे?"

तू म्हणायचास, "बाबल, तू माती वाहिलीस. तिका विचारलंस कधी?"

विचारायचं काम तुझं. पहिल्या खेपेआधी टिपरच्या तोंडासमोर नारळ ठेवून तू गाऱ्हाणं घातलंस, तिथल्या कुठल्या अनोळखी देवाला. "बा म्हाराजा, परमुलखात इलोंव, चुकीमाकी तुझ्या पदरात." बाकीचे ड्रायव्हर, त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, तेही "व्हय म्हाराजा" म्हणायला शिकले. मी नाही म्हटलं. मी बॉनेटला टेकून बिडी ओढत होतो. चाळीस वर्षांत तुझ्या एकाही गाऱ्हाण्याला मी होकार भरला नाही, आणि तू एकदाही विचारलं नाहीस का म्हणून.

जुन्या बांधावर रोयण होती. बाहेरचे लोक वारूळ म्हणतात. आपल्या पेडण्या-डिचोलीत ती नुसती मुंग्यांची माती नसते, ती सातेरी आई असते. छातीएवढी उंच, खालून लाल आणि वरच्या टोकाला करडा पट्टा. तू तो पट्टा बघून हात जोडलेस. म्हणालास, "आयेन भस्म लायलां." मला तो पट्टा बघताच कळलं होतं. बांधावर कधीकाळी हातभर लाल माती पसरून गाळ झाकला होता. वाळवी तिच्याखाली गेली होती आणि खालचं वर आणत होती. तुला कळलं नसेल असं कसं म्हणू? तू माझ्याहून हुशार. पण देवी समोर आली की तुझी हुशारी हात जोडून बाजूला उभी राहायची.

पोकलेनवर बेळगावचा बसाप्पा होता. त्याने बकेट खाली टेकवली आणि इंजिन बंद केलं. मुकादम ओरडला. बसाप्पा म्हणाला, "मी मोडत नाही बघा. आमच्यात नागोबाचं घर असतंय हे. नोकरी घ्या पाहिजे तर."

मग तू पुढे झालास. त्या आठवड्यात तुझी गाडी दुरुस्तीला होती आणि तुला झेंडा दाखवायच्या कामावर लावलं होतं. तू म्हणालास, आमच्याकडे रीत आहे. आईला विचारून तिची माती घ्यायची, दुसरीकडे नेऊन बसवायची, मग तिथे काही उरत नाही, नुसती माती. कसली तरी रानफुलं आणून तू रोयणीला दोन्ही बाजूंनी पाकळ्या चिकटवल्यास. साहेब, मुकादम, बसाप्पा, सगळे उन्हात उभे. उजवी पाकळी पडली, म्हणजे आईचा होकार. तू जेवणाचा डबा रिकामा केलास आणि त्या करड्या टोकाकडची माती तिन्ही पुडांत भरलीस. साहेब म्हणाला, माती इथली बाहेर जाणार नाही. तू मान डोलावलीस. डोलावलीस, पण मी तुला ओळखत होतो.

तेव्हा चार दिवस आपण बोलत नव्हतो. मी तुझ्या फडक्यावरून सगळ्यांसमोर तुला बायकी म्हटलं होतं. तरी तू माझ्या गाडीपाशी आलास. खाली बघून म्हणालास, "पायी जाणाऱ्यांचे डबे उघडून बघतत. तुझी केबिन बघणत नाय. नेशील?"

इतक्या वर्षांत माझी गाडी कुठल्या गेटवर अडली नाही. तेच म्हटलं तुला, मिशीला हात लावून. डबा सीटच्या मागे जॅकजवळ ठेवला. संध्याकाळी गाडी रिकामी करून, धुऊन बाहेर उभी करायची असे. गेटवरच्या माणसाने चाकांभोवती यंत्र फिरवलं. टिक, टिक. मग तो उठता उठता केबिनच्या दाराजवळून गेला आणि ते यंत्र किर्र वाजलं. टिकटिक नाही सगुण, किर्र, रातकिड्यासारखं, न थांबता.

तो म्हणाला, फिरसे धोओ. मी गाडी मागे घेतली. डबा ओल्या ताडपत्रीच्या घडीत गुंडाळून पलीकडच्या कोपऱ्यात सरकवला. दुसऱ्या वेळी तो दमला होता, चाकंच बघितली. गेट उघडलं.

बाहेर चिंचेखाली तू उभा होतास. डबा छातीशी धरलास. आणि विचारलंस, "यंत्र बोललां?"

मी म्हटलं, "नाय."

एवढंच. एक शब्द. त्याच्यामागे काही मोठा विचार नव्हता. यंत्र बोललं म्हटलं असतं तर तू जिंकला असतास, आणि चार दिवसांच्या अबोल्यानंतर मला हरायचं नव्हतं. तू म्हणालास, "मगे बरां. बोललां असता तर परत नेऊन ठेयलं असतंय." हे तू बोललास. हे मी ऐकलं.

तू पेडण्यात आईला बसवलंस. तुळशीच्या पलीकडे चिऱ्याची घुमटी बांधलीस, माती ठेवलीस, गाववाल्यांना जेवू घातलंस. मीही जेवलो. दोन वर्षांत आपल्याकडची वाळवी तिथे लागली आणि रोयण वाढायला लागली. गुडघ्याला आली, मांडीला आली. लोक म्हणाले, परमुलखातून आलेली आई इथे रमली. बायका चिमूटभर माती न्यायला लागल्या. कोणी पेरणीआधी शेतात टाकली. कोणी हरमलला पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या, त्यांच्या पायाभरणीत घातली. एकीने मांद्र्याला लेकीच्या सासरी पाठवली, मूल राहत नव्हतं म्हणून. तू प्रत्येकीला हातावर देताना हसायचास. मी यायचो, ओसरीवर बसायचो, सुलोचना चहा आणि उंडो पाव द्यायची, आणि मी त्या रोयणीकडे पाठ करून बसायचो. तू एकदा म्हणालास, "बाबल, तुका माझी आय आवडणा नाय." मी म्हटलं, माझ्या पाठीला ऊन पाहिजे.

तू कशाने गेलास ते मला माहीत नाही. ते कोणी मला विचारू नये आणि कोणी छातीठोकपणे सांगूही नये. डॉक्टर म्हणाला, छाती खराब. खाणीची लाल धूळ आपण जन्मभर खाल्ली, बिड्या ओढल्या. एका डब्याने काय होतं, असं शहाणी माणसं म्हणतील. म्हणू देत. मीही तेच म्हणत आलो इतकी वर्षं.

पण तू शेवटच्या खेपेला आजारी होतास तेव्हा सकाळी मी इस्पितळात आलो. तुझ्यासाठी पेज आणली होती. माझी बायको गेली तेव्हा तू पंधरा दिवस माझ्या चुलीवर पेज करून मला बळेबळे पाजली होतीस, तशी. मला तुझ्यासारखी जमली नाही, खाली लागली होती. तू तीन चमचे घेतलेस. मग नळी बाजूला करून विचारलंस, "रे बाबल. त्या दिसा यंत्र खरंच गप्प होतां?"

तुझे डोळे, सगुणा. तुला माहीत होतं का? की नुसती शंका होती?

मी म्हटलं, "गप्प होतं. झोप तू."

तू म्हणालास, "बरां. पोर थंयच, घुमटीपुढे खेळता म्हणान विचारलं."

मरणाऱ्याला शांत जाऊ द्यावं म्हणून बोललो, असं मी वाटेत बसमध्ये स्वतःला समजावलं. पण तू मला शेवटचं काम सांगत होतास, आणि मी तुला झोप म्हटलं.

बाराव्यानंतर तिसऱ्या दिवशी मी कुदळ, फावडं, प्लास्टिक आणि झाकणाचे तीन ड्रम घेऊन तुझ्याकडे गेलो. सकाळची वेळ. सुलोचना अंगण झाडत होती. मी तिला सगळं सांगितलं, उभ्यानेच. ती झाडू धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "भावजी, चाळीस वर्सां तुमका घरचे म्हणान वाडलंय. ह्या तुमी माका आता सांगतात? ते गेल्यार?"

मी कुदळ खाली ठेवली.

"आणि आयेक हलवूक तुमी कोण?"

"मी कोण नाय वैनी. पण आणलेली मीच."

रोहिदास आतून आला. त्याच्या बायकोने पोरीला कडेवर घेतलं आणि दार लावून घेतलं. ते दार लागल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. सुलोचनाने डोळे पुसले आणि म्हणाली, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. पिटकोळीच्या कळ्या आणल्या, ओल्या करून दोन्ही बाजूंना चिकटवल्या. आम्ही तिघं बसलो. ऊन घुमटीवर आलं. कळ्या हलेनात. मग मोपाच्या विमानतळावरून विमान उठलं, कौलं थरथरली, आणि उजवी कळी पडली.

रोहिदास पुटपुटला, "आई, ती विमानानं—"

"पडली मां?" सुलोचना म्हणाली. "विमानान पाडली काय आयेन, माका शिकवू नको. खणा."

गिरणीवरच्या रीतीनेच खणलं. आधी पाणी मारलं, तोंडाला फडकी बांधली. माझ्या तोंडाला फडकं, सगुण. तू असतास तर हसला असतास. घुमटी सोडवली, रोयण सबंध काढली. आत तुझी ती करडी माती दिसेल असं वाटलं होतं, डब्याच्या आकाराची. नव्हती. वाळवीने ती वाटून टाकली होती. लाल मातीत दोऱ्याएवढी करडी शीर खाली जात होती. तिच्यामागे आम्ही कमरेएवढं गेलो. तिथे तिला दोन फाटे फुटले. एक फणसाच्या मुळाकडे, एक विहिरीच्या बाजूला. हातभर दिसले आणि मग नाहीसे झाले. संपले की माझी नजर संपली, कोण सांगणार?

रोहिदासने वर बघून विचारलं, "काका, किती खणायचं?"

खणत राहायचं, यंत्र गप्प होईस्तोवर. पण माझ्याकडे यंत्र कुठे होतं? एक यंत्र माझ्याशी बोललं होतं जन्मात, त्याचं मी ऐकलं नाही. मी त्या खड्ड्यात कुदळीला टेकून उभा राहिलो आणि पहिल्यांदा मला माती वाहणाऱ्याला येतं ते भय आलं. सगळीकडून आलं. चारी बाजूंची माती सारखीच दिसत होती.

ड्रम भरले तीन. सुलोचना म्हणाली, अंगणात नको. तुझा भाचा म्हणाला, कातळाच्या सड्यावर नेऊन ओता, तिथे कोण बघतो. सड्याखाली झरे आहेत. कोणी म्हणालं, डिचोलीला खाणीचे खंदक पाण्याने भरलेत, त्यात सोडा. खंदकाखाली भातशेती आहे, ती शेती करणारे माझे शेजारी आहेत. जन्मभर मुकादमाने बोट दाखवलं तिथे मी खेप ओतली आणि मागे वळून बघितलं नाही. ह्या तीन ड्रमांना बोट दाखवणारा कोणी नाही. रोहिदासने कचेऱ्यांत फोन केले. एकाने दुसऱ्याचं नाव सांगितलं, दुसऱ्याने लेखी मागितलं. अर्ज मी लिहिला, माझ्या अक्षरात, माझं नाव वर घालून. यंत्र घेऊन माणूस येईल म्हणतात. तोपर्यंत तुझ्या विहिरीचं पाणी बंद आहे, आणि पोरीला तिच्या आईने माहेरी नेलं आहे. डॉक्टरने तपासली. म्हणाला, आज तरी काही दिसत नाही. हे 'आज तरी' त्याने कशाला म्हटलं, ते मी घरी येईपर्यंत विचार करत होतो.

हे वाचणाऱ्या आयाबहिणींनो, ज्यांनी ज्यांनी सगुणाच्या हातून माती नेली, त्यांनी त्याला दोष देऊ नका. ती विहिरीत टाकू नका, वहाळात सोडू नका, लाजून पुरू नका. उरली असेल तर डब्यात झाकून घराबाहेर, पोरांच्या हाताबाहेर ठेवा आणि मला कळवा. मी येऊन नेईन. पेरली असेल, पायात घातली असेल, तरी कळवा. जागा लिहून ठेवतो आहे. मांद्र्याची लेक कोण ते मला कोणी सांगत नाही. तिने तरी कळवावं.

ड्रम माझ्याकडे आहेत, सगुणा. शेडमध्ये माझा टिपर गंजत उभा आहे, त्याच्या हौद्यात ठेवलेत, वर जुनी ताडपत्री बांधली आहे. शेडला कुलूप आहे. घरात मी एकटा, माझं काय व्हायचं ते होवो. गाडी भरलेली आहे. चाक फिरत नाही आणि ओतायला जागा नाही. अशी खेप मी कधी भरली नव्हती.

काल सकाळी नारळ घेऊन गेलो. बॉनेटसमोर ठेवला, जसा तू ठेवायचास. शब्द मला पाठ नाहीत, चाळीस वर्षं मी बिडी ओढत होतो. तरी जमतील तसे म्हटले. बा म्हाराजा, सगुणाने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, एकदा गेटबाहेर, एकदा त्याच्या खाटेपाशी. यंत्र ओरडत होतं आणि मी गाडी पुढे घेतली. हे माझ्या डोक्यावर घाल. त्या पोरीच्या पोटात जी मूठ गेली ती तिला बाधू देऊ नको.

मग मी थांबलो. तू थांबायचास तेवढाच वेळ, लोकांना होकार भरायला द्यायचास तेवढा.

शेडमध्ये कोणी व्हय म्हटलं नाही.